बोर्डाचा मोकळा कोपरा

फोडणीचा वास आला की लोकांना आपापली आई आठवते. मला पानिपत आठवतं. यात माझा काही दोष नाही. आमच्या शाळेत इतिहासाचा वर्ग आणि गृहशास्त्राचा वर्ग यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच, तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड होता. त्याला शेणामातीनं लिंपलं होतं खरं, पण लिंपण जागोजागी सुटलं होतं आणि त्या भोकांतून पलीकडचं सगळं अलीकडे यायचं. मी मोठ्या तयारीनं मराठ्यांची फौज पानिपतावर नेऊन ठेवावी, तिची रसद तुटावी, सैन्यावर झाडपाला खायची पाळी यावी, आणि नेमका त्याच वेळी पलीकडून लसणाचा वास यावा. पोरांचं लक्ष गेलंच म्हणून समजा. त्यातच बाईंचा आवाज यायचा, "घाई नोका करू. मोहरी बोलली का? बोलू द्या तिले. मंग जिरं." ती लढाई मी दरवर्षी दोनदा हरायचो, एकदा शत्रूकडून आणि एकदा त्या लसणाकडून.

त्या बाई म्हणजे खंडारेबाई.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव मेडशी आणि जऊळक्याच्या मधल्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, कारभार अकोल्याहून चालायचा, आणि शिवारात सोयाबीनचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. कापूस, ज्वारी आणि तूर, एवढंच पिकायचं. मी मूळचा अकोल्याचा, नोकरीसाठी आलेला, सडाफटिंग. बाई अनसिंगकडच्या. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या आणि त्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेल्या पहिल्याच. गावातल्या बुद्धवस्तीत एका दूरच्या मावशीकडे राहायच्या. उंचीनं ठेंगण्या, चालणं भराभर, पातळाचा पदर नेहमी कमरेला खोचलेला. जणू काही पुढच्याच वळणावर चूल पेटलेली आहे आणि आपल्याला जाऊन तवा ठेवायचा आहे.

कोणी भेटलं की आपण "बरं आहे ना?" विचारतो. बाई विचारायच्या, "काय शिजलं आज?" हा प्रश्न त्यांनी हेडमास्तरांनाही पहिल्याच दिवशी विचारला. हेडमास्तर गोंधळून म्हणाले, मेथी. त्यावर बाईंनी विचारलं, परतून की शिजवून? हेडमास्तर टोपी सारखी करू लागले. मेथीबद्दल कोणी आपल्याला इतकं खोलात नेईल, असं त्यांना वाटलं नसावं.

बाईंचं म्हणणं असं की निम्मा स्वयंपाक शब्दांतच बिघडतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'आधण आल्यावर डाळ वैरावी', 'पिठात मोहन घालावे', 'मंद आचेवर परतून घ्यावे'. मुली ते पाठ करून परीक्षेत उतरवायच्या आणि घरी जाऊन आई करते तसंच करायच्या. पुस्तक आणि चूल यांची गाठच पडत नव्हती. बाई एकेक शब्द उचलायच्या आणि वर्गात रांधून दाखवायच्या. व्याख्या त्यांच्या स्वतःच्या असत. उकडणं आणि शिजवणं यांत फरक काय? "उकडल्याचं पानी फेकतो, शिजवल्याचं पानी जेवतो." भाजणं, परतणं, तळणं? "भाजण्यात तेल नाई, परतण्यात नावाले, तळण्यात पोहण्याले." मोहन पुरलं की नाही हे कसं ओळखायचं? तर पिठाची मूठ दाबायची. मुटका वळला आणि तसाच राहिला तर पुरलं, विस्कटला तर अजून घाला. मी मराठीही थोडंफार शिकवायचो. पण इतकी आटोपशीर व्याख्या मला आजवर एकाही शब्दाची करता आलेली नाही.

आणि कान. असे कान मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. रांधताना त्या डोळे मिटायच्या आणि मान थोडी कलती करायच्या. आधणाचं पाणी आधी सूं करतं, मग गप होतं आणि मग खळखळतं. गप झालं म्हणून डाळ टाकायची घाई करू नये, असं त्या सांगायच्या. एकदा शाळा सुटल्यावर मी आणि त्या बाजाराच्या गल्लीतून चाललो होतो. बोलता बोलता त्या एका दारापाशी थबकल्या आणि बाहेरूनच हाक दिली, "वहिनी, वरन लागून राह्यलं खाली." आत भांड्यांची धांदल ऐकू आली. वरण खरंच बुडाला लागत होतं. घरातली बाई हातातली पळी तशीच घेऊन दारात आली, आभार मानायला म्हणून तिनं तोंडही उघडलं, आणि समोर कोण आहे ते पाहून तसंच मिटलं. मान हलवून आत गेली. खंडारेबाई पुढे चालू लागल्या आणि मला म्हणाल्या की वरण वाचलं, त्याअर्थी आजचं काम झालं. मला मात्र राग आला होता, आणि तो दाखवायला जागा नव्हती.

असला प्रकार वर्गातही होता. गावातल्या शेतकरी घरांनी मुलींना गृहशास्त्र घेऊ दिलं ते आनंदानंच. पोरीला रांधायला आलं म्हणजे झालं, हा हिशेब. पण शिकवायला कोण आलंय हे कळल्यावर घराघरांत एक नियम झाला: शिका, पण खाऊ नका. तो कोणी उघड बोलून दाखवला नाही. मुलींना एक सोज्वळ कारण शिकवून पाठवलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी रव्याचा शिरा केला, तीन भांड्यांत, एकात रवा कच्चट ठेवलेला, एकात नीट भाजलेला, एकात करपवलेला, आणि म्हणाल्या, आता चाखून फरक सांगा. कोणी हात पुढे करेना. शेवटी पहिल्या बाकावरची प्रमिला उभी राहिली. ही गोदाकाकूंची मुलगी. गोदाकाकू म्हणजे गावातल्या मोठ्या वाड्यातल्या, ज्यांच्या शब्दावर अर्ध्या गावाच्या चुली चालत. प्रमिला खाली पाहून म्हणाली की आमच्यात रांधताना चाखत नाहीत, देवाचा नैवेद्य उष्टा होतो.

ही चाल काही खोटी नव्हती. आमच्याकडे नैवेद्याआधी पदार्थ जिभेला लावत नाहीत, सगळं अंदाजानं करतात. फक्त शाळेतल्या शिऱ्याला कुठला देव बसला होता हे कोणी सांगत नव्हतं.

मुलींनी आपापला वाटा डब्यात घेतला आणि घरी नेतो म्हणाल्या. तो घरी जात नव्हता. शाळेच्या मागं हमीदाबीचं घर होतं, आणि तिची एक पांढरी बकरी दावं सोडून मोकळी हिंडायची. वर्ग सुटला की ती मागच्या दारात हजर. डबे तिच्यापुढे रिकामे व्हायचे. शिरा, उपमा, झुणका, मऊ भात, सगळं. बाईंना हे ठाऊक होतं. त्या बकरीला 'परीक्षकबाई' म्हणत. परीक्षकबाई करपलेल्याला तोंड लावत नसत, म्हणून त्यांनी नाकारलं की बाई वर्गात जाहीर करायच्या, आज आच जास्त झाली. थोड्याच दिवसांत हमीदाबी तक्रार घेऊन आली की बकरी आता कडब्याकडे ढुंकून पाहत नाही, बाईंनी तिला नादी लावलं. बाईंनी तिला बसवून चहा पाजला आणि सांगितलं की वर्गात इतकं मन लावून शिकणारी तेवढी एकच आहे, तिला काढू नका.

खाणारा आणखी एक होता, तो म्हणजे मी. उरलेलं सगळं मी खायचो, कधी कधी आधीच मागून. पण बिनलग्नाच्या मास्तराचं खाणं गावात धरत नाहीत. तो काय, कुठंही जेवतो. बकरीच्या आणि माझ्या खाण्यानं गावात काही बदलणार नव्हतं, हे मला लवकरच कळलं.

बाई भांडल्या नाहीत. मला वाटलं होतं भांडतील, आणि मी त्यांच्या बाजूनं उभं राहायची तयारीही केली होती. त्यांनी मुलींचं कारण जसंच्या तसं मान्य केलं. चाखायचं नाही ना? मग न चाखता शिकू. त्यांनी बोर्डावर खडूनं आडव्या-उभ्या रेघा मारून घरं पाडली. एका घरात कानाचे शब्द: तडतडणे, चुरचुरणे, खदखदणे, रटरटणे. एकात नाकाचे: खमंग, करपट, कच्चट, उग्र. एकात हाताचे: सैल, घट्ट, रवाळ, चिकट. एकात डोळ्यांचे: तांबूस, पारदर्शक, तेल सुटलेलं. मुलींना डोळे मिटायला लावून त्या कढईजवळ बसवायच्या आणि विचारायच्या, कांदा कुठवर आला? सुरुवातीला मुली हसायच्या. दोन-एक महिन्यांत त्या कांद्याचा आवाज ऐकून सांगू लागल्या की पाणी गेलं, आता तेलात आला. पलीकडे माझी पोरंही कान देऊन उत्तरं द्यायची. इतिहासात नापास होणारं एक पोरगं चुरचुरणं आणि तडतडणं यांत कधी चुकलं नाही.

बोर्डाचा उजवा खालचा कोपरा मात्र त्यांनी मोकळा ठेवला. चौकट आखली, वर 'जिभेचे शब्द' एवढं लिहिलं, आणि आत काहीच नाही. मुलींनी विचारलं तर म्हणाल्या, "हे घर तुमचं. जवा भरावं वाटीन तवा भरजा. मी नाई भरनार." बोर्ड पुसताना त्या चौकटीला फडकं लागत नसे. एकदा हेडमास्तरांनी घाईत तिथं सुट्टीची सूचना लिहिली, ती बाईंनी शांतपणे दुसरीकडे उतरवून चौकट पुन्हा मोकळी केली.

हे असंच चाललं असतं. पण पोळ्याच्या सुमाराला संस्थेचे सेक्रेटरी तपासणीला आले. त्यांना मागच्या दारात बकरी दिसली, तिच्यापुढचा उपमा दिसला, आणि ते हेडमास्तरांच्या खोलीत बसून सगळ्यांदेखत बोलले की हे गृहशास्त्र आहे का बकरीशास्त्र. रॉकेल जळतं, तेल जातं, आणि खातं कोण तर जनावर. मुली खात नसतील तर विषय चालवायचा कशाला? दिवाळीपर्यंत पाहू, नाहीतर पुढच्या सत्रात विषय बंद. विषय बंद म्हणजे बाईंची नोकरी बंद, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. बाई दारातच उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी मी फारच तावातावानं बोललो. म्हटलं, सगळ्या गावाला ठाऊक आहे खरं कारण काय आहे, एकदा तोंडावर सांगून टाका. बाई शाळेच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच त्यांनी सांगितलं. त्यांची आई लोकांच्या वाड्याबाहेर बसून धान्य पाखडायची, आणि लहानपणी या तिच्याजवळ बसायच्या. आत सणाचा स्वयंपाक चाले. आत जायचं नसायचं. मग मायलेकी बाहेरूनच ओळखायच्या, आता पुरण घोटून राह्यले, आता कढीला फोडणी पडली, आता भजी तेलात गेली. हा त्यांचा खेळ होता.

"आवाज आन् वास भिंतीच्या भाईर येते, सर," त्या म्हणाल्या. "चव नाई येत. चव कोनी हातावर ठेवली तंच समजते. ह्या पोरी आता भिंतीच्या भाईर बसल्या हायेत, बस एवढंच. त्यायले राग कायले करू?"

मी शेजारी बसून तांदूळ निवडू लागलो. त्यांना काळजी नव्हती असं नाही. घरी म्हातारे वडील होते, धाकटा भाऊ त्यांच्याच पगारावर वाशीमला शिकत होता. त्या रात्री जेवल्या नाहीत, असं मावशीनं मला नंतर सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात तोच आवाज, घाई नोका करू.

मग महालक्ष्म्या आल्या.

आमच्या भागात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, तो घरातला सर्वांत मोठा सण. दुसऱ्या दिवशी जेवण. पुरण, आंबील, कढी, आणि सोळा भाज्यांची मिळून एक भाजी. त्या दिवशी तर न चाखण्याचा नियम फारच कडक, वास घेतानासुद्धा बाया तोंड फिरवतात. गोदाकाकूंच्या घरच्या महालक्ष्म्यांना अर्धं गाव जेवायला असे. आणि नेमक्या त्याच सकाळी गोदाकाकू तापानं फणफणल्या. थोरली सून बाळंतपणाला माहेरी. राहिली प्रमिला. तिनं पदर खोचला आणि एकटीनं सगळं रांधलं. काकू आतल्या खोलीत गोधडी पांघरून पडल्या होत्या आणि तिथून हाका मारून विचारत होत्या, पुरण झालं का? प्रमिला म्हणे सांगत होती, झालं, पळी उभी राह्यते, आवाज बसला. कढी फुटली तर नाही? नाही, आच कमी केली, अजून वर आली नाही. काकूंना पोरीची ही भाषा नवी होती. आपल्याला दिसायचं ते हिला ऐकू येतं हे त्यांच्या तिथं पडल्या पडल्या लक्षात आलं. नैवेद्य वेळेवर झाला. पंगती उठल्या. सगळे नाव घेत गेले.

सण संपून शाळा भरली त्या दिवशी मी पुन्हा पानिपतावरच होतो. पलीकडे दार वाजलं आणि वर्ग एकदम चिडीचूप झाला. मी बोलता बोलता थांबलो. माझी पोरं कुडाच्या भोकांना डोळे लावून बसली होती. त्यांना रागावून काही उपयोग नव्हता, कारण एक भोक मीही धरलं होतं.

गोदाकाकू आल्या होत्या. ताप उतरलेला, चेहरा ओढलेला, हातात झाकलेला डबा. मागं प्रमिला. काकूंनी डबा टेबलावर ठेवला. शिकवणी कोणाची होती ते त्यांना कळलं होतं. नैवेद्य देवीला चालला, मग आपण कोण, असा काहीसा त्यांचा विचार झाला असणार. त्या म्हणाल्या, "बाई, महालक्ष्मीचा परसाद हाये. शिळा नाई, आजचीच भाजी, तशीच करायले लावली पोरीले, देवापुढं ठेवून आनली. तुमी शिकवलं, तुमी घ्या."

ही साधी गोष्ट नव्हती. त्या वाड्यातून त्या वस्तीतल्या माणसाकडे असा डबा हातात घेऊन कोणी आलं नव्हतं. आता बाई डबा उघडतील, डोळे पुसतील, असं मला वाटलं. बाईंनी हात जोडले.

"काकू, राग नोका मानू. परसाद म्हनून मी घेत नाई. आमच्या घरानं ते सोडलं. जेवन म्हनून वाढसान तं पोटभर खाईन."

दिवाळीची मुदत डोक्यावर, अर्धं गाव काकूंच्या शब्दावर चालणारं, आणि बाई त्यांचाच प्रसाद नाकारतात. काकू तशाच उभ्या राहिल्या. आपलं कोणी नाकारू शकतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळत असावं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. प्रमिलाचा चेहरा पडला होता.

मग काकू म्हणाल्या, "बरं. मंग जेवन म्हनूनच घ्या. पन चव सांगा."

त्यांनी स्वतःच्या हातानं डबा उघडला आणि बाईंच्या ताटलीत भाजी वाढली. बाई खाली बसल्या, घास घेतला, डोळे मिटले, मान कलती केली. इतक्या दिवसांत त्यांना जिभेनं काही जोखताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. घास गिळून त्यांनी डोळे उघडले आणि प्रमिलाकडे पाहून सांगितलं, "अळनी हाये."

प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी कपाळाला आठी घातली. "साऱ्या गावानं खाल्ली. कोनी म्हनलं नाई."

"कसे म्हनतीन, काकू? नैवेद्याले नाव ठेवत नाई कोनी. माह्यासाठी तो नैवेद्य नाई, म्हनून मले सांगता येते." मग त्या प्रमिलाकडे वळल्या. आवाज एकदम मऊ झाला. तिला समजावून सांगितलं की पालेभाजी शिजून खाली बसते हे तू ध्यानात ठेवलंस, म्हणून मीठ हात आखडून घातलंस, ते बरोबर. पण सोळा भाज्यांत कोहळं होतं, सुरण होतं, ते बसत नाही. त्यांच्या वाट्याचं मीठ राहिलं. बाकी फोडणी, शिजणं, सगळं चोख आहे. हे कानाला ऐकू येत नाही, म्हणून आजवर कळलं नाही तुला, हे फक्त जीभच सांगते.

काकूंनी डब्यातली थोडी भाजी बोटानं उचलून तोंडात घातली. तोंड वाकडं केलं. आणि मग त्यांना हसू आलं. त्या बाकावर बसल्याच. हसत हसत सांगू लागल्या की त्या दिवशी घरच्यांनी ताटातलं मीठ सगळं संपवलं, पुन्हा मागून घेतलं, पण ब्र कोणी काढला नाही. "म्याही वरून घेतलं, बाई. आन् पोरीले म्हनलं, लय झक्कास झाली."

आता वर्गात हसू पसरलं. स्टोव्हवर त्या दिवशीच्या पाठाचं वरण होतं, पुस्तकात दिलेल्या कृतीनं केलेलं. बाईंनी ते कोणाला देऊ केलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. काकूंनीच पातेल्याकडे पाहिलं, मग आपला उजवा तळवा पुढे केला. बाईंनी पळीभर वरण त्यावर घातलं. काकूंनी भुरका मारला.

"हे काय? याच्यात तिखटच नाई."

"पुस्तकातलं हाये, काकू."

"मंग पुस्तकवाल्याले इकडं धाडा," असं म्हणून काकूंनी तळवा पुन्हा पुढे केला. कुडाच्या अलीकडे माझ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कुठं मला कळलं की आपण आता भोकाला डोळ्याऐवजी नाक लावून उभे आहोत.

प्रमिलानं वरण खाल्लं. मग तिच्या शेजारच्या मुलीनं. काही मुलींनी त्या दिवशी खाल्लं नाही आणि काहींनी वर्षभर खाल्लं नाही. एका घासानं गाव बदलतं असं मी म्हणणार नाही. पण प्रमिला उठली, खडू घेतला, आणि त्या मोकळ्या चौकटीत पहिला शब्द लिहिला: अळणी. कौतुकाचा शब्द आधी लिहायला हवा होता असं मला वाटलं. बाईंना तसं वाटलं नाही. त्या बोर्डाकडे इतक्या आनंदानं पाहत होत्या, की मी नजर काढून घेतली.

दिवाळीआधी सेक्रेटरी पुन्हा आले तेव्हा मुली जमिनीवर ओळीनं बसून झुणका-भाकर खात होत्या आणि चवीवरून वाद घालत होत्या. मागच्या दारात परीक्षकबाई ताटकळत उभ्या होत्या, त्यांना कोणी विचारत नव्हतं. सेक्रेटरींनी स्वतः काही खाल्लं नाही. पण विषय राहिला, बाई राहिल्या, आणि हमीदाबीनं नवी तक्रार आणली की बकरी वाळत चालली.

त्यानंतर काकूंचं आणि बाईंचं एक वेगळंच नातं जमलं. मैत्री म्हणता येणार नाही, कारण दोघी भेटल्या की एकमेकींच्या रांधण्यातल्या चुकाच काढायच्या. काकू डबा पाठवायच्या, बाई चव सांगायच्या. डबा पाठवताना आत निरोप असायचा, परसाद नाही, जेवण आहे. घरचे सगळे वाहवा करतात, खरं सांगणारं एकच तोंड गावात आहे, असं काकू दारात बसून कोणालाही सांगत. बोर्डाची ती चौकट वर्षागणिक भरत गेली: तुरट, आंबूस, खारट, गुळचट, झणझणीत. जागा पुरेना तेव्हा बाईंनी शेजारच्या घराची रेघ पुसून ती मोठी केली.

दशक संपत आलं तेव्हा बाईंना अकोल्याला मुलींना शिक्षिका करणाऱ्या विद्यालयात जागा मिळाली. आम्ही त्यांना जऊळक्याच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. प्रमिला आली होती, ती तेव्हा वाशीमला कॉलेजात जायची. गोदाकाकूही बैलगाडीनं आल्या, मांडीवर डबा धरून. गाडी आली, बाई खिडकीत बसल्या, काकूंनी डबा आत दिला. सोळा भाज्या नव्हत्या, पण कोहळं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "काय शिजलं आज, सर?" मी म्हटलं, खिचडी.

इंजिनानं शिट्टी दिली. गाडी हलली तसा बाईंनी डबा उघडला, बोटानं भाजी घेतली आणि डोळे मिटले. गाडीचे डबे एकेक करून पुढे सरकत होते. मग खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, अंगठा आणि बोट जुळवून वर धरलेलं. चिमूटभर. एवढंसं कमी आहे.

काकू फलाटावर चार पावलं गाडीबरोबर चालल्या, मग थांबल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "पाह्यलं, सर? जाता जाता बी खोटं बोलली नाई. आता मले कोन सांगीन?"

"मी सांगीन ना, आई," प्रमिला म्हणाली.

"तू? तू तं माह्या हातच्याले नाव ठेवत नाई. म्हनते, परसाद हाये."

प्रमिलानं आईचा हात धरला. "मले बी जेवन म्हनून वाढजो."

काकू तिच्याकडे पाहतच राहिल्या. गाडी वळणाला लागली होती, आणि बाईंचा हात अजून खिडकीबाहेर होता.